बाई थांबते तेवढा वेळ

चौसाळा,
१९ मे २०१६, दुपार

प्रिय सत्यभामा,

केजच्या स्टँडवर, पुण्याच्या एसटीच्या खिडकीतून तू नखाएवढं मेमरी कार्ड माझ्या तळहातावर ठेवलंस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मात्र मला वाटलं होतं की उत्तर द्यायचं टाळून तू हातात काहीतरी टेकवून निघालीस. अख्ख्या स्टँडसमोर मी तुला विचारलं होतं, लग्न करणार की नाही, हो का नाही ते आत्ताच्या आत्ता सांग. तू गप्प राहिलीस. मी मनात दहासुद्धा मोजले नसतील आणि ओरडायला लागलो. एसटीच्या पत्र्यावर लाथ घातली. कंडक्टर म्हणाला, "ए पोरा, गाडी सरकारची हाय, तुज्या सासऱ्याची न्हाई," आणि सगळा स्टँड हसला. तू हसली नाहीस. गाडी हलली तेव्हा कार्ड दिलंस आणि एकच शब्द बोललीस. "ऐक."

मला वाटलं, गाणी असतील. त्यातलं एखादं तरी आपलं असेल. टँकरच्या टेपात कार्ड घातलं, तर एक बाई बोलायला लागली. आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये. म्हणजे एक अर्धीमुर्धी कळणारी भाषा मला अजिबात न कळणारी भाषा शिकवायला बसली. कार्ड काढून मांजऱ्याच्या पुलावरून खाली भिरकावणार होतो. पण नदीत पाणीच नव्हतं, आणि कोरड्या वाळूत काही फेकण्यात मजा नसते, म्हणून राहिलं. मग डोक्यात उजेड पडला. केजहून बीडला कॉलेजला येताना दोन वर्षं तू एसटीत कानात वायर घालून ओठ हलवत बसायचीस, ती हीच बाई, आणि पुण्याला निघालीस तीही हिचीच भाषा पक्की करायला. मी आपला समजत होतो, माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून घालतेस.

टँकर आपल्या दूध सोसायटीचाच. यंदा जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, तेव्हा अर्जुनराव चेअरमननी दुधाची टाकी तीनदा सोड्यानं धुऊन घेतली आणि गाडी पाण्याला लावली. सरकारनं ताब्यात घेतलेल्या विहिरीवर भरायचा आणि केजच्या अंगाला पाच वस्त्यांवर नेऊन ओतायचा. भरलेला टँकर वीसच्या वर पळवता येत नाही, पाणी आत डचमळतं आणि गाडीच वळणाबाहेर ओढतं. मी, आणि वीसच्या स्पीडनं! पहिले आठ दिवस स्टेअरिंगवर दात खाल्ले. मग हिशेब असा बसला की एका खेपेत बरोबर एक धडा संपतो आणि रिकाम्या परतीला त्याचीच उजळणी होते. समोरून येणारे जीपवाले बघायचे, टँकरवाला एकटाच हातवारे करून बोलतोय. केजात बातमी गेली की कॉलेज सोडल्यापासून पोराला लागीर झालंय.

आता त्या बाईची खोड सांगतो, म्हणजे तुला माहीतच आहे. ती काहीतरी विचारते आणि थांबते. पहिल्यांदा मला वाटलं टेप बिघडला, म्हणून वरून एक बुक्की दिली. टेप चांगला होता. बाई माझ्या उत्तरासाठी थांबली होती. सत्यभामा, आमच्या घरात कुणी कुणासाठी थांबत नाही. दादा बोलत असतात तेव्हाच आई बोलते, आई बोलते तेव्हा मी, आणि जो जास्त ओरडेल त्याचं खरं. इथं मात्र मी चुकलो तरी ती रागवत नव्हती, बरोबर आलं तरी शाबास म्हणत नव्हती. थांबायची तेवढी थांबायची आणि पुढं जायची. त्या चार सेकंदांत काय करायचं तेच मला कळायचं नाही. महिनाभर मी त्या मोकळ्या जागेत नुसता शिव्या घालत होतो.

आणि तो गडी! नवव्या धड्यातला. एका बाईला विचारतो, माझ्याबरोबर जेवायला येता का? ती म्हणते, नको, नंतर. तो म्हणतो, बरं. दुपारी येता? नको. बरं. उद्या येता? उद्या मला काम आहे. बरं! असं धड्यामागून धडे. मी टँकर बाजूला लावून त्याला ओरडलो, "अरे बे, लाज हाय का तुला? जा की घरी!" त्यानं ऐकलं नाही. पुढच्या धड्यात परत तसाच साध्या आवाजात विचारत होता, आणि तिनं नको म्हटल्यावर हवापाण्याचं बोलत होता. लई दिवस मला तो बुळा वाटला.

हे सगळं माझ्या केबिनमध्येच राहिलं असतं. पण सटवा मेस्त्रीनं बॅटरी बदलताना टेपाची वायर टपावरच्या पुकाऱ्याच्या भोंग्याला जोडून ठेवली आणि मला सांगायचा विसरला. छबुबाईंच्या वस्तीवर शिरलो आणि बाई आभाळातून बोलल्यासारखी सकाळचा रामराम गरजली, "बुएनोस दिआस!" घराघरातून बायका बाहेर. छबुबाई सगळ्यांत पुढं, पदर खोचून. म्हणाल्या, "कोणती योजना म्हणायची ही? फारम कुठं भरायचा?" मी म्हटलं, योजना नाही, चुकून लागलं. त्यांना पटलं नाही. दोन बायका आधार कार्ड घेऊनच आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वायर काढली आणि नेहमीसारखा हॉर्न वाजवत गेलो. विहिरीपाशी चिटपाखरू नाही. टाकी ओतून झाली तेव्हा छबुबाई रिकामी घागर घेऊन तरातरा आल्या. "आज बाई कुटं गेली? रस्त्यानं वाळूचे ट्रक दिसभर बोंबलत जातेत, त्यातला तुजा हारन कंचा, आमी काय वळखावं? बाई बोलली की कळतं, पाणी आलं." म्हणून वायर परत जोडली. तेव्हापासून पाचही वस्त्यांवर पाणी स्पॅनिशमध्ये येतं.

तू आता हसत असशील, पण पुढं ऐक. टाकी विहिरीत रिकामी व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ पूर्वी भांडणं व्हायची, पोहरा आधी कुणाचा, दोर कुणाचा कुणाच्या दोरात गुंतला, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर. आता बाई विचारते आणि थांबते, तर त्या चार सेकंदांत सगळ्या बायका तोंडाला पदर लावून उत्तर देतात. मला त्यांना गोष्ट सांगावी लागली, तो गडी कोण, ती कोण. मग काय! मी उतरायच्या आत विचारणा, "गेली का ती जेवाया?" नाही म्हटलं की छबुबाई तिची बाजू घेणार. "कावून जावं तिनं? वळख ना पाळख. बघू द्या की चार दिवस मानूस कसा हाय." एकोणचाळिसाव्या धड्यात त्या गड्यानं विचारणंच सोडून दिलं, नुसता बाजार कुठंय म्हणून चौकशी करत होता, आणि तिनं आपण होऊन विचारलं, माझ्याबरोबर जेवायला येता का? विहिरीवर असा गलका झाला की सरपंच धावत आले, त्यांना वाटलं कुणी आत पडलं. छबुबाईंनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. माझ्याही ठेवला आणि म्हणाल्या, "तुजं त्वांड का पडलंय रं?"

पडलं होतं खरं. कारण त्या गड्याला जे थांबणं जमलं ते मला स्टँडवर जमलं नव्हतं, आणि शेवटची वस्ती तुमची असते. तुझे आई-वडील पाडव्याला ऊसतोडीवरून परत आले, तेव्हापासून केसरकाकू रोज विहिरीवर दिसतात. सुरुवातीला त्या माझ्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत. एक दिवस बाईनं विचारलं, दोंदे एस्ता एल आग्वा, पाणी कुठं आहे, आणि बाकीच्या बायका लाजल्या, तर काकूंनी विहिरीकडं बोट करून खणखणीत उत्तर दिलं. मी बघतच राहिलो. म्हणाल्या, "बघतूस काय? ही बाई माज्या घरात दोन वर्सं ऱ्हायलीया. लेक भाकरी थापायची आन हिच्याशी बोलायची." मग घागर डोक्यावर घेता घेता, "आन एसटीला लाथ घातल्याला तूच नव्हं?" मी हो म्हटलं. "पाय दुखला का?" म्हटलं, लई. "बरं झालं," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मला तांब्याभर पाणी देतात, मीच आणलेलं.

सत्यभामा, त्या लाथेआधीची गोष्ट मी आजवर नीट बोललो नाही. प्राचार्यांच्या दाराची. ऊसतोडीला गेल्यामुळं तुझी हजेरी भरली नव्हती आणि परीक्षेचा फॉर्म अडकला होता. मी तुला न विचारता आत घुसलो, टेबलावर हात आपटले, नाही नाही ते बोललो, आणि बाहेर पडताना दार असं आदळलं की काच खाली आली. दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडलं आणि गावभर सांगत फिरलो की सत्यभामासाठी सोडलं. तुला कधीच विचारलं नाही की मी आत गेलो तेव्हा तू बाहेर बाकावर का बसली होतीस. परवा काकूंनी सांगितलं. तू सकाळपासून तीन तास तिथं बसली होतीस, क्लार्कनं अर्ज आत नेला होता, सही होतच आली होती. माझ्या काचेमुळं तुला आणखी पंधरा दिवस खेटे घालावे लागले, आणि माझ्या वतीनं माफीही तूच मागितलीस. मी तुझ्यासाठी भांडलो म्हणून मिरवत होतो, आणि निस्तरत तू होतीस. टँकर चालवताना हे आठवलं की वीसचा स्पीड मला बरा वाटतो. माफ कर म्हणायला मी स्पॅनिशमध्ये शिकलोय, पण ते मराठीतच म्हणतो. चुकलो मी. माफ कर.

आता हे पत्र का, ते. आज चार वाजता मेक्सिकोच्या दूध सहकारी संस्थेची पाच माणसं आपल्या सोसायटीत येतायत. त्यांच्याकडंही पाऊस असाच दगा देतो म्हणे, दुष्काळात आपण सोसायटी कशी जगवतो ते बघायचंय. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून तू. अर्जुनराव सांगत होते, पुण्यात स्पॅनिश येणारे पुष्कळ निघाले, पण छबुबाईचं बोलणं कळणारी त्यांच्यात एकटी तूच. तुझं हे पहिलंच काम, त्याचा अहवाल वर जाणार, हेही कळलं. सोसायटीच्या माडीवरची ही खोली तुझी आहे. सकाळपासून मीच झाडून काढलीय, बादली काठोकाठ भरलीय, तिच्यात कंजुषी करू नकोस. दोन गोष्टी आधी सांगायलाच हव्यात. पहिली, उद्या पाचही वस्त्यांवर बायका पाहुण्यांना स्पॅनिशमध्ये रामराम घालणार आहेत. मी शिकवलं नाही आणि आता थांबवूही शकत नाही. दचकू नकोस, आणि तुझी थट्टा म्हणून मी हे केलं असं समजू नकोस. छबुबाई पाहुण्यांना जेवायचंही विचारतील, त्यांना नाही म्हणू देऊ नकोस.

दुसरी. उद्या वस्त्या आणि परवा धर्मापुरीचं देऊळ, दोन्ही दिवस जीपवर ड्रायव्हर म्हणून चेअरमननी मला नेमलंय आणि दुभाष्याची जागा ड्रायव्हरशेजारी असते. मला आता पाहुण्यांचं निम्मं बोलणं कळेल, तोंडही शिवशिवेल, पण मी गाडी चालवीन आणि गप्प बसेन. बोलायचं काम तुझं आहे. एवढ्यावरही मी शेजारी नको असेन, तर जीपची किल्ली या पत्रावर ठेवलीय ती अर्जुनरावांकडं दे आणि दुसरा ड्रायव्हर द्या म्हण, बंकट तयार आहे. कुणी कारण विचारणार नाही, मी टँकर घेऊन नेहमीसारखा खेपेला जाईन आणि कुठल्याच पत्र्याला लाथ घालणार नाही. चालणार असेन, तर सकाळी सातला किल्ली मला दे, काही बोलायची गरज नाही. स्टँडवरचा प्रश्न जिथं होता तिथंच आहे, पण तो मी पुन्हा विचारणार नाही. आता थांबायची पाळी माझी, आणि मला चार सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त जमायला लागलंय. खाली गाडीचा आवाज आला वाटतं. पत्र टेबलावर ठेवतो, वर किल्ली, आणि बाहेर पडून दार लावून घेतो. उन्हाळ्यानं हे दार आकसलंय, नुसतं ओढलं तरी बसतं. आवाज येणार नाही.

तुझा (हा शब्द दोनदा खोडला आणि शेवटी राहू दिला),
धर्मराज