डोण माझी, नाव त्यांची

मी, स्वप्नाली सुदर्शन कोकरे, वय चोवीस, शिक्षण सातवी, राहणार खुटबाव, तालुका दौंड, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर हाय. रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई, ते डोकं बिघडलं म्हणून न्हाई. आज सकाळी मला आन् माझ्या दीड वर्साच्या लेकीला मेंढरांच्या डोणीत बसवून बंधाऱ्याच्या पाण्यात सोडणार हायेत, म्हणून. मला पवता येत न्हाई. डोणीला बी येत न्हाई.

नवऱ्याचं नाव मी कधी घेत न्हाई, पण कागदावर घ्यायलाच लागतं. पुढं 'हे' म्हणीन.

१. डोण. आंब्याच्या खोडाची, आतनं कोरलेली, मेंढरांना पाणी पाजायची. माझं माहेर कारेगावच्या वरच्या माळावर. माझे वडील रखमाजी वारले तवा त्यांच्या सांगण्यापरमाणं शेत भावाला आन् डोण मला आली. टेम्पोतनं उतरली तशा आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई अनसाबाई, बोलल्या, "बापानं सरपण धाडलं व्हय?" तवापासनं ह्या घरात माझं नाव 'डोणवाली'.

मग यवतचा ढाबेवाला सतीशशेठ आमच्याकडं बोकड बघायला आला. बोकड ऱ्हायलं बाजूला. म्हणला, "आरं, ही तर जुनी नाव! अँटिक!" त्याला ती ढाब्याच्या दारात ठेवायचीय. नाव कुठली, किती जुनी, हे शोधायला त्यानं पुण्याचे एक सर आणले. सरांनी टेप लावली, भिंग लावलं, डोणीचा वास घेतला. खालचं डांबर बघून म्हणले, "हे कोकणातलं जहाजी डांबर." रस्ता झाला तवा आबांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, ठेकेदाराकडनं डबाभर मागून आणलेलं ते. कडेच्या तीन रेघा बघून म्हणले, "ही आरमाराची खूण." तसल्याच रेघा वळखीसाठी आमच्या मेंढरांच्या पाठीवर हुत्या. मग तळाचं भोक घावलं. "ही शिडाच्या काठीची खोबण!"

मी म्हणलं, "सर, भोक पाणी सोडायला हाय. आमच्या माळाला नदीच न्हाई, टँकर येतो."

सर म्हणले, "ताई, तुम्हाला तुमच्याच वारशाची कल्पना नाही."

मामंजी म्हणले, "सूनबाई, च्या ठेव."

इथं सगळ्यांचे आजे-पणजे मेंढरं राखत गेले. डोण कुणी बघितली न्हाई असं एक बी घर न्हाई. पण सर बोलल्यापासनं समद्यांच्या पणजानं नाव चालवलेली. आत्याबाई बायांना सांगतात, "माझी सून नावाड्यांच्या घरातली हाय." बरं वाटलं, खोटं का बोलू. दोन दिस मला च्यात साखर बी जास्त मिळाली.

पण शेठ म्हणला, "तरंगली तर नेतो. न्हाईतर पेटवा चुलीत." आन् सर म्हणले, वारसदार बाई आन् तिची लेक आत बसली तर फोटो ऐतिहासिक येईल. ह्यांनी फ्लेक्स लावलाय, 'भव्य नौका जलावतरण सोहळा'. त्यावर मामंजी, आत्याबाई, हे, शेठ, सर, समदे हायेत. जी पाण्यात बसणार तिचा फोटू तेवढा न्हाई. भोकात ह्यांनी चिंधी कोंबून वर सिमेंट फासलंय. "वलं हाय अजून," मी म्हणलं. हे म्हणले, "पाण्यात जाऊन वाळंल."

तर ती डोण तरंगो न्हाईतर बुडो, ती माझी हाय, ती भाऊ बिरदेवला जावी. ढाब्याला न्हाई. चुलीत तर अजिबात न्हाई. मी तिच्यात अंघोळ करून मोठी झालेय.

२. लेक ज्ञानेश्वरी वाचली, आन् तिला वाचवाच, तर तिनं मामाकडं ऱ्हावं. वहिनी तोंडाची फटकळ हाय, पण पोराला पाण्यात सोडणारी न्हाई. तिला पवायला शिकवावं. बाकी काय शिकंल ते शिकंल.

३. शिलाई मशीन जाऊबाई सुवर्णाला. तिनं नेलेला माझा मिक्सर तिनंच ठेवावा, झाकण माझ्याकडं हाय. ते माझ्याबरोबर जाळावं.

४. शेळी शेजारच्या विठाबाईंना. ती त्यांच्याच दारात खाती.

५. लग्नातला शालू आत्याबाईंना. त्यांना तो पहिल्यापासनं हवा हुता.

६. ह्यांना तो फ्लेक्स. पावसाळ्यात गोठ्यावर टाकायला चांगला हाय.

७. सरांना डोणीचं भोक.

साक्षीदार पहिली: विठाबाई, शेजारीण. म्हणल्या, "सही करते, पण काय लिहिलंय ते मला सांगू नको, मला सोहळ्याला जायचंय."

साक्षीदार दुसरी: अनसाबाई, सासू. त्या चुलीपाशी आल्या, मला वाटलं कागद फाडतील. म्हणल्या, "वाच." वाचलं. शालूपाशी थांबवून परत वाचायला लावलं. मग हळूच म्हणल्या, "डोणच हाय गं ती. माझ्या बापाकडं तसल्या दोन हुत्या."

"मग सांगा की बाहेर!"

"आता कसं सांगू? फ्लेक्सवर फोटू हाय माझा." पोरीकडं बघत बसल्या, आन् अंगठा उठवला.

सही: स्वप्नाली
ठिकाण: खुटबाव, चुलीपाशी
तारीख: आज, सोहळ्याचा दिवस

हा कागद ज्याला घावंल त्यानं आधी बिरदेवला फोन लावा. माझा मोबाईल ह्यांनी लाइव्ह करायला नेलाय. नंबर चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहिलाय. त्याची रातपाळी असती, कंपनीत फोन लॉकरात ठेवतो, तवा उचलला न्हाई तर परत लावा, परत लावा. ट्रॅक्टरची ट्यूब हवा भरून आण म्हणावं, आन् फाट्यावर थांबू नको, सरळ बंधाऱ्यावर ये. आल्या आल्या समद्यांसमोर मोठ्यानं 'डोण' म्हण, माझं कुणी ऐकत न्हाई. तो आधी विचारंल, "ताई कशी हाय?" सांगा, अजून कोरडी हाय.