तळ्यातलं पोहणं आणि दामले

बदलापूर, १० मे १९५३, रविवार

दामले आज घरी येऊन मला तळ्यात पोहणं बंद करायला सांगून गेले. लिहिल्याशिवाय राग उतरायचा नाही.

कारखान्यातले अधिकारी, वसाहतीचे चिटणीस! सगळा वेळ माझ्या ओल्या अंबाड्याकडे बघत होते, जणू चोरीचा माल सापडला.

"बाई, तुमच्या वयाला, शिक्षणाला हे शोभत नाही."

"खरवईच्या बायका रोज पोहतात. त्यांना सांगितलंत?"

"त्या गावच्या. आपल्यातल्यांचं वेगळं."

म्हणजे बी.ए. झालेलीनेच बुडायचं! भल्या सकाळी, तळ्यावर कुणी नसताना, नऊवारीचा काचा घट्ट मारून मी उतरते. या उन्हाळ्यात तेवढाच वेळ अंग निवतं. ते यांच्यासाठी सोडू? हा गृहस्थ स्वतः गुडघाभर पाण्यात उभा राहून तांब्याने अंघोळ करतो. आणि जातानाही नजर अंबाड्यावरच!

ते फाटकाबाहेर पडले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी चपला घालायला रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला शिकवाल? मुलं पोहतात, मी काठावर कपडे राखत बसते."

नवशिक्याच्या पाठीला बांधायचा सुका भोपळा माळ्यावरून काढला.

दामलेबाईंना दिला : भोपळा एक, दोरीसकट. पदराखाली मावेना, तेव्हा तसाच उघडा हातात धरून नवऱ्यामागून गेल्या.