डोळा तेवढा बघ

१९ जानेवारी

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. मी ठीक, घर ठीक, मोरीतला नळ अजून गळतोच आहे. आईचं पुढे लिहिते, आधी तुझी कामं. तुझ्याशी बोलायची रीत तीच आहे.

प्रदर्शनाचे सगळे फोटो झाले. भिंतीएवढा मोठा फोटो आज छापून आला. त्याच्याच पेटीत हे पत्र ठेवते आहे. फोटो टांगणारी माणसं ते तुझ्या हातात देतील. छपाईवाला तुझ्यावर फिदा आहे. "ताई, काय हात आहे हो तुमच्या दादांचा!" म्हणाला. मी म्हटलं, "हात माझा असतो. दादांचं फक्त नाव असतं." तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करते आहे.

यंदाचा पक्षी फारच गोड आलाय. गारठ्यात पिसं फुलवून लिंबाएवढा गोल झालेला. बघणारे म्हणतील, किती गुबगुबीत! तो उपाशी होता, दादा. तुझी युक्ती मला पाठ आहे. आधी रोज त्याच फांदीवर दाणे ठेवायचे, चटक लावायची, आणि ऊन हवं तसं तिरपं पडायला लागलं की दाणे बंद. मग तो येतो, बसतो आणि हलत नाही. हलला नाही की फोटो स्वच्छ येतो. लोकांना वाटतं, पक्ष्याची वाट बघण्यात तुझे दिवसच्या दिवस जातात. वाट तोच बघत असतो.

तू सगळेच फोटो पाठवतोस, एकामागून एक, निवडून साफ करायला. त्यामुळे तू बघत नाहीस ते मला बघावं लागतं. सुरुवातीला डोळा टपोरा. मग अर्धा. मग मिटलेला. ऊन नेमकं तेव्हाच सुरेख पडलं होतं, म्हणून तू तोच निवडलास. त्यानंतरच्या फोटोत फांदी रिकामी. तो तू निमंत्रणपत्रिकेला घेतलास, नाव छापायला जागा मिळते म्हणून. "खाली कोपऱ्यात डाग आहे, पुसून टाक," असं कळवलंस. मी मोठं करून बघितलं. डाग नव्हता तो. पाय वर होते. पुसला.

आता आई.

तिलाही तू आधी चटकच लावलीस. पावसाळाभर रोज संध्याकाळी फोन. आई, काय जेवलीस? आई, गुडघा काय म्हणतो? मग हिवाळा आला, तुझा हंगाम सुरू झाला आणि फोन बंद. ती खुर्ची खिडकीशी ओढून, फोन मांडीवर घेऊन बसायची. "राजाचा फोन येईल आत्ता. तू मध्येच कुणाला लावत बसू नकोस."

"अगं, माझा फोन वेगळा आहे."

"असू दे. तरी नकोच."

अंघोळ मी घालायची, औषधं मी द्यायची, आणि राजा तू. मला तुझा हेवा वाटायचा, तिचा राग यायचा. अजून येतो. लपवायचं कशाला?

गेल्या मंगळवारी सकाळी तुला कळवलं, 'आईला धाप लागली आहे. डॉक्टर म्हणाले, बोलावून घ्या. आत्ता नीघ.' पक्ष्यांमागे रानात असलास की रेंज नसते म्हणतोस, पण उत्तर लगेच आलं. 'प्रदर्शन लागलं की येतोच. मोठा फोटो लवकर छपाईला जाऊ दे. डोळा तेवढा बघ, मेल्यासारखा वाटतोय. दुसऱ्या फोटोतला काढून लाव.'

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "निघालाय."

केवढी खूश झाली! म्हणाली, "केस विंचर गं माझे, असा अवतार नको दिसायला." विंचरले. दुपारी गेली, दाराकडे तोंड करून.

त्यानंतर तुझा फोन आला होता, फोटोंची चौकशी करायला. ठेवता ठेवता विचारलंस, "आई काय करते?" मी म्हटलं, "झोपली आहे." तू म्हणालास, "मग उठवू नकोस." नाही उठवलं.

नातेवाइकांची काळजी करू नकोस. त्या दिवशी तिच्याभोवती जमलेल्या सगळ्यांचा फोटो काढला, त्यात तुला बसवलं आहे, मागच्या रांगेत, मावशीच्या खांद्याआड. चेहरा तुझ्या सत्काराच्या फोटोतला घेतला. हसत होतास, तोंड मिटवावं लागलं. सावलीही बाकीच्यांसारखीच पाडली आहे. मावशी चष्मा पुसून पुसून बघत होती. "हा कधी आला गं? मला कसा दिसला नाही?" मी म्हटलं, "घाईत होता. त्याला फोन मात्र करू नका कुणी, फार कोसळलाय." मग सगळ्यांना पाठवला. आता तू नव्हतास असं कुणी म्हणणार नाही. तुला तेवढं ठाऊक राहील.

एक काम मात्र तू सांगितलंस तसं झालेलं नाही. उघडा डोळा शोधला, लावला, छान बसलाही होता. मग काढून टाकला. आहे तसा मिटलेलाच छापून घेतला. एवढ्या मोठ्या फोटोत तो तळहाताएवढा आलाय. दारातून आत येणाऱ्यालाही दिसेल. तू हे वाचशील तोवर फोटो भिंतीवर चढून उद्घाटनाच्या पडद्याआड गेला असेल, माणसं जमली असतील. दुसरा छापायला वेळ राहू नये, अशाच बेताने पेटी पाठवते आहे. पडदा तूच ओढणार आहेस ना? ओढ.

पत्रिकेवर 'आईस अर्पण' छापलं आहेसच. ते बदलायची गरज नाही.

घरी यायची आता घाई करू नकोस. खिडकीजवळची खुर्ची मी उचलून ठेवली आहे.

आईला 'निघालाय' म्हणून सांगणारी,
धाकटी