चालायच्या यंत्राबद्दल उशिरा कळवतो

धामणगाव बढे,
१२ डिसेंबर १९६८

ती. महादेवराव दाजी यांस,

मोतीरामचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, सुभद्राताईचा खोकला मुंबईच्या दमट हवेत थांबला की वाढला, ते लिहा. आम्ही इकडे बरे आहोत. (मी सोडून. पण तेच सांगायचं आहे, म्हणून हे पत्र ताईला मोठ्यानं वाचून दाखवू नका.)

तुमच्या लिलावाच्या दुकानात ते चालायचं यंत्र आलं आहे, लाकडी रुळांवर रबरी पट्टा, माणूस चालतो आणि जागच्या जागीच राहतो, घ्यायचं की नाही ते उलट टपाली कळव, असं तुम्ही लिहिलं त्याला वीस दिवस झाले. उत्तर काऊन लिहिलं नाही, तर लाज वाटत होती. हेडमास्तर झाल्यापासून खुर्चीत बसून माझं वजन किती वाढलं ते तुम्ही दिवाळीत डोळ्यांनी पाहिलंच. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे, रोज सकाळी चार मैल चाला. आता दाजी, तुमच्या चौपाटीवर माणूस उगाच चालला तर त्याला कोणी विचारत नाही. आमच्या गावात जो तो कामासाठी चालतो. बिनकामाचा चालणारा म्हणजे एकतर घरात भांडण झालेला, नाहीतर डोक्यानं सरकलेला. म्हणून घरातल्या घरात चालता येणारं तुमचं यंत्र मला देवासारखं वाटलं. अन्नपूर्णाला सांगितलं तर तिनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "पन चालून चालून पोचनार कुठी?"

तुमचं यंत्र येईपर्यंत रस्त्यावर चालून पाहावं म्हणून पहिल्या दिवशी मफलर गुंडाळून मोताळ्याच्या रस्त्यानं निघालो. ओढा ओलांडतो न ओलांडतो तोच मागून कडूबाची कापसाची गाडी आली. कडूबानं बैल थांबवून विचारलं, "काय हो गुरुजी, सकाळी सकाळी कुठी चालले? कोनी गेलं का काय?" पोट कमी करायला चाललो, हे त्या माणसाला कसं सांगू? त्याच्या पोटाच्या जागी खळगा आहे. मी म्हणालो, शाळेत न येणारी पोरं शोधायला चाललो. तोंडातून निघून गेलं. कडूबा गहिवरला. म्हणाला, "मंग पायी काऊन जाता? बसा." नाही म्हणता येईना. बसलो. (कापसावर फार उबदार वाटतं, दाजी. हे मी समर्थन म्हणून लिहीत नाही.) दोन मैल पुढे पुलाशी उतरायचं आणि गावाकडे परतणाऱ्या एखाद्या गाडीत बसून यायचं, असा माझा चार मैलांचा व्यायाम सुरू झाला.

कडूबानं ही गोष्ट गावभर केली. सरपंच गुलाबराव शाळेत येऊन माझा हात हातात घेऊन गेले. मला त्याच वेळी खरं सांगता आलं असतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि शिपाई चहा घेऊन आला, तेवढ्यात ते राहून गेलं.

आता जे लिहितो ते लिहायला हात जड होतो. पुलाच्या अलीकडे एका वावराच्या बांधावर एक बाई आणि तिची आठेक वर्षांची पोर उभी असायची. मला वाटलं, गाडीची वाट पाहत असतील. मी वरून, कापसात रेलून, त्यांना नमस्कारही केला. एकदा नाही, तीन दिवस केला. चौथ्या दिवशी कडूबा म्हणाला, "गुरुजी, ते जनकाबाई होय. त्या मळ्यात राखनीले राह्यते. तुमचीच वाट पाहून राह्यली, पोरीले शाळेत टाकाले."

मी उतरलो. पोरीच्या केसांना तेल, अंगात धुतलेला झगा, हातात फुटक्या चौकटीची पाटी. जनकाबाईनं जयभीम केला आणि म्हणाली, "आमचं नाव तुमच्या यादीत शेवटी असंन, मनून थांबलो."

माझ्याकडे यादी नव्हती, दाजी. यादी सोडा, खिशात पेन्सिलही नव्हती. मी पोरीला नाव विचारलं (पंचफुला) आणि तिला घेऊन गावाकडे चालत निघालो. पोर झपाझप चालते. मला धाप लागली की ती थांबायची आणि मला वाईट वाटू नये म्हणून उगाच बोरीची बोरं बघत उभी राहायची. मी बत्तीस वर्षांत कितीतरी मुलांसाठी थांबलो, पण माझ्यासाठी कोणी मूल थांबलं असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज पायी जातो. आता त्या रस्त्यावरच्या मळ्यांतून सात मुलं येतात. तेव्हा यंत्र घेऊ नका. ज्याला हवं असेल त्याला खुशाल द्या.

ताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुमचा आज्ञांकित,
मोतीराम

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. येत्या सोमवारची शाळेची तपासणी पुढे ढकलून, त्या दिवशी ग्रामपंचायत माझा सत्कार करणार आहे. 'पायी फिरून मुले गोळा करणारे गुरुजी' असा फलक रंगवला आहे. मला तोंड दाखवायला जागा नाही. कृपा करून शनिवारपर्यंत 'सुभद्रा आजारी, ताबडतोब निघा' अशी तार करा. ताईला कळू देऊ नका.

आणखी ता. क. तार करू नका. पाकीट बंद करण्याआधी आज सकाळी जनकाबाईला सगळं खरं सांगून आलो. ती निंदण थांबवून म्हणाली, "मले मालूम होतं. पोरं शोधनारा मानूस कापसावर लोळत जाते का, गुरुजी?" मी विचारलं, मग तीन दिवस उभी का राहिलीस? म्हणाली, "तुमी लाजून एक ना एक दिवस उतरसान, असं वाटलं." मग सत्काराचं काय करू, असंही तिलाच विचारलं. "घ्या नं. फक्त त्या नावावर शाळेले सुट्टी देऊ नका."

सुट्टीची नोटीस मी कालच लावली होती. आत्ता काढून आलो.