लेन एकचा सहावा नियम

४ फेब्रुवारी, मंगळवार

छत्तीस मिनिटं! चाळीस फेऱ्यांना छत्तीस. दिवाळीत एकतीस लागत होती. बारा मार्चला मला त्रेसष्ट पूर्ण होतील आणि त्या दिवशी तीस मिनिटांत चाळीस फेऱ्या मारायच्या, हे मी ठरवलं आहे. ठरवलेलं मी करते. पण या बायका करू देतील तर ना.

साडेनऊची लेडीज बॅच. लेन एक फक्त सलग पोहणाऱ्यांसाठी. आज तिच्यात चौघी उभ्या होत्या. भिंतीला टेकून, कमरेएवढ्या पाण्यात, साबुदाणा कोणाचा मोकळा होतो यावर चर्चा. मी पोहत येऊन भिंतीला हात लावायला जाते तर हाताला कोणाचं तरी पोट! "सॉरी हं मॅडम." पण सरकायचं नाव नाही. आणखी एक आहे, ती केसांना खोबरेल चोपडून टोपी न घालता उतरते. पाण्यावर तवंग येतो. पोहायला येतात की भजी तळायला, देव जाणे.

५ फेब्रुवारी

मयुरेशला गाठलं. टँकचा सुपरवायझर, पण पोहता येत असेल असं वाटत नाही. म्हटलं, नियमांची पाटी लावा. "मॅडम, तुम्हीच लिहून द्या ना." दिली. सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीत काढली आहेत. केसभर चुकलेला नगसुद्धा परत पाठवलाय. सहा नियम लिहायला मला दहा मिनिटं लागली.

रस्त्यासारखंच डावीकडून जायचं, डावीकडूनच यायचं, तळावरची मधली काळी पट्टी ओलांडायची नाही. दोघींत पाच सेकंदांचं अंतर. दम खायचा तर कोपऱ्यात. पुढे जायचं असेल तर पुढचीच्या तळव्याला एकदा हलका हात लावायचा, तिने भिंतीशी थांबून वाट द्यायची. टोपी सक्तीची. आणि सहावा — कोणत्याही कारणाने दोर ओलांडून दुसऱ्या लेनमध्ये शिरल्यास पास रद्द.

सहावा त्याला कडक वाटला. "पास रद्द म्हणजे जरा जास्तच होतंय, मॅडम." मी म्हटलं, शेवटचा कडक नसला तर वरचे पाच कोणी वाचत नाही.

८ फेब्रुवारी

पाटी लागली. चौघी लेन तीनमध्ये गेल्या. साबुदाणाही गेला.

११ फेब्रुवारी

सुख दोन दिवस टिकलं. नवीन बाई आली आहे. सिंधुबाई. मूळची हरसूलकडची, आता सातपूरला लेकीकडे राहते. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, लेकीने पास काढून दिला. मी काही न विचारता हे सगळं ऐकावं लागलं. "विहिरीत शिकले मी. बापानं कमरंला दोर बांधून सोडलं पाण्यात. तवापासून येतंय."

ते दिसतंच! मान वर काढून पोहते. हात कुठे, पाय कुठे. पण वेगात आहे, हे मान्य करायला हवं. मला वाटलं पुढे जाईल. नाही. चाळीसच्या चाळीस फेऱ्या माझ्या मागे. मी थांबले की थांबते. मी निघाले की निघते. पाच सेकंदांचं अंतर सोडाच, पाच बोटांचं नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्ही पुढे जा."

"नाय ताई, तुम्ही व्हा पुढं. मी हाय मागं."

सदतीस मिनिटं.

१४ फेब्रुवारी

आज कहर. खोल भागात असताना डाव्या तळव्याला हात लागला. नियम म्हणजे नियम, मी भिंतीशी थांबले, वाट दिली. तर ही बाई पुढे जायची सोडून तोच हात कपाळाला लावून उभी! "पायाला हात लागला ना, ताई." म्हटलं, अहो, पुढे जाण्यासाठीच लावायचा असतो तो हात, पाटी वाचली नाही का? तर म्हणे, पुढं कशाला जाऊ.

मग हात लावलाच कशाला! पाटीवर सगळं लिहिलं, पण अक्कल कुठे लिहून देणार?

१५ फेब्रुवारी

पुन्हा दोनदा. डावाच पाय.

१८ फेब्रुवारी

सकाळी निघतानाच नवऱ्याने डोकं खाल्लं. "श्यामला, चप्पल घासत चालतेस हल्ली. आवाज येतो." गंगाधरला निवृत्त झाल्यापासून दुसरा उद्योग नाही, सोफ्यावर बसून माझ्या चपलांचे आवाज ऐकतो. चप्पल सैल झाली आहे, बाकी काही नाही. डावी तर दोनदा पायातून निघून आली.

टँकवर तीन वेळा हात. तिसऱ्यांदा मी डोक्यावरची टोपीच काढली. म्हटलं, सिंधुबाई, हा काय प्रकार आहे?

ती म्हणाली, "ताई, तुमचा डावा पाय निजल्यावानी होतो. उजवा मारतो, डावा नुस्ता मागं येतो. मी म्हनलं जागा करावा."

मी तीस वर्षं पोहते आहे. आणि विहिरीत शिकलेली बाई मला पाय मारायला शिकवणार! "माझ्या पायाचं मी बघते," म्हटलं. "तुम्ही तुमचे गुडघे बघा."

तिने आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. लाइफगार्ड आयशा खुर्चीतून ऐकत होती, तीही खाली बघायला लागली. बोलले ते योग्यच बोलले, पण घरी येईपर्यंत डोक्यातून जात नव्हतं.

२१ फेब्रुवारी

एकोणचाळीस मिनिटं. आता बास. लेखी तक्रार दिली — अंतर न ठेवणे, विनाकारण पायाला हात लावणे, समज देऊनही न ऐकणे. मयुरेशने सिंधुबाईंना लेन दोनमध्ये टाकलं. मुकाट्याने गेल्या. जाताना आयशाशी काहीतरी कुजबुजल्या. माझ्याबद्दलच असणार. करू दे.

लेन एक माझी एकटीची. आता बघू तीस होतात की नाही.

२२ फेब्रुवारी

चाळीस मिनिटं. शेजारी लेन दोनमध्ये ती बाई बरोब्बर माझ्या बरोबरीने पोहते. दोराच्या पलीकडून. मी वळले की वळते. त्याला नियम नाही, नाहीतर तोही लिहिला असता.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. निम्म्या बायका त्र्यंबकला, उरलेल्या फराळाच्या तयारीत. गंगाधर चल म्हणत होता. त्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा मोकळा टँक केव्हाही बरा.

लेनमध्ये चिटपाखरू नाही. पाणी स्वच्छ. कोणाचं पोट नाही, कोणाचा हात नाही. एक्केचाळीस मिनिटं.

आणि तीन वेळा खाली बघितलं तर काळी पट्टी माझ्या डावीकडे. म्हणजे मी चुकीच्या बाजूला. तळावरची पट्टीच वाकडी बसवली असणार. कंत्राटदारांची कामं! एवढ्या मोठ्या टँकमध्ये एक रेघ सरळ ओढता येत नाही.

२७ फेब्रुवारी

आयशाला टेप धरायला लावून पट्टी दोन्ही टोकांना भिंतीपासून मोजली. सरळ आहे.

१ मार्च, शनिवार

राग गेलेला नाही, तरी लिहिते.

तेविसावी फेरी. खोल भागात डाव्या पोटरीत गोळा आला. येतो कधीकधी. पाय जरा जड झाला, पाणी नाकात गेलं, एवढंच. भिंत चार हातांवर होती, मी माझी पोचले असते. तेवढ्यात दोराखालून ही बाई माझ्या लेनमध्ये! काखेत हात घालून, हनुवटी धरून मला म्हशीसारखं ओढत काठाला आणलं. आयशा कपड्यांसकट पाण्यात. लेन तीनमधल्या चौघी वर येऊन बघतायत. एकीने चक्क माझा पाय चोळायला घेतला.

सिंधुबाई धापा टाकत होती. "घाबरू नका ताई, मी हाय," असं पुन्हा पुन्हा. मी घाबरले होते असं तिला कोणी सांगितलं? सगळ्या बॅचसमोर! एकतीस वर्षं ज्या बाईपुढे फोरमन आवाज काढत नव्हते, तिची हनुवटी धरून!

घरी आल्याबरोबर मयुरेशला मेसेज टाकला. 'लेन दोनमधील सदस्य आज दोर ओलांडून लेन एकमध्ये आल्या. अनेक साक्षीदार आहेत. नियम सहा पाहावा.' त्याचा लगेच अंगठा आला.

गंगाधरला काही सांगितलं नाही.

४ मार्च

जिन्यात पडले. दोनच पायऱ्या, पण डावं पाऊल वर उचललंच गेलं नाही, टोक पायरीला अडकलं. गंगाधरने हात धरला तो सोडलाच नाही, तसाच डॉक्टरांकडे नेलं. एरवी मला रिक्षात कुठल्या बाजूला बसायचं हेही सांगायची त्याची छाती नाही.

डॉक्टर म्हणाले, टाचेवर उभ्या राहा. उजवा पाय राहिला. डावा नाही. मी तीन वेळा प्रयत्न केला. माझाच पाय, आणि मी सांगते ते ऐकेना.

कमरेत नस दबली आहे. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतंय. "ऑपरेशन लगेच करू. आणखी पंधरा दिवस काढले असते तर पाऊल कायमचं गेलं असतं." मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून होतंय?

मी म्हटलं, आजच. गंगाधर म्हणाला, महिनाभर तरी चप्पल घासते. मी त्याच्याकडे रागाने बघितलं आणि मग बघवेना.

५ मार्च

नक्की तारीख हवी म्हणून वही उघडली. मोजमाप अंदाजे सांगायची मला सवय नाही.

तारीख सापडली. चौदा फेब्रुवारी. 'खोल भागात असताना डाव्या तळव्याला हात लागला.' माझंच अक्षर. पंधराला दोनदा. अठराला तीनदा. आणि तिचं वाक्यही मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे — उजवा मारतो, डावा नुस्ता मागं येतो. डॉक्टरांनी काल चाळीस मिनिटं तपासून जे सांगितलं ते हेच.

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नगांतली चूक शोधली. ही बाई रोज हाताने दाखवत होती आणि मी तिची तक्रार लिहीत बसले. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

शुक्रवारी दाखल व्हायचं आहे.

१५ मार्च

घरी आले. डाव्या पायाची बोटं हलतात. अंगठा सर्वांत उशिरा हलला, परवा, आणि गंगाधर रडला. मी त्याला म्हटलं, अंगठाच हलला आहे, सोन्याची खाण नाही सापडली. मग मीही रडले.

बारा तारीख हॉस्पिटलात गेली. तीस मिनिटं राहिली. राहू दे.

चार महिन्यांनी पाण्यात उतरता येईल म्हणतात. ठरवलं आहे, लेन एक नको. सिंधुबाई ज्या लेनमध्ये असतील तिथे. त्यांच्यासाठी गंगाधरला चिवडा आणायला पाठवलं आहे, दोन किलो. काय बोलायचं ते अजून जमलेलं नाही. आयशाला फोन केला, उद्या सिंधुबाईंना घेऊनच घरी ये म्हटलं. ती नुसतं "बरं मॅडम" म्हणाली.

१६ मार्च

आयशा एकटीच आली. चिवड्याच्या पिशव्यांकडे बघत म्हणाली, "मॅडम, त्यांचा पास एक तारखेलाच रद्द झाला. तुमचा मेसेज आला ना. सहावा नियम." सिंधुबाई पिशवी घेऊन निघाल्या म्हणे. गेटपर्यंत जाऊन परत आल्या आणि आयशाला विचारलं, "आता ताईंच्या मागं कोन राहील?"