राणीच्या पाठीवरची सवारी

मंगळवार, दिवेलागण

पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवून खंगलेली राणी घोडी आमच्या निवाऱ्यात आता छान भरलीय. उद्या मलकापूरचं कुटुंब तिला दत्तक न्यायला येणार. पण रोज संध्याकाळी ती मोकळ्या पाठीनं कुंपणाच्या कडेनं फेरी मारते, फाटकाजवळच्या दगडापाशी थांबते. समोर चारा असूनही हलत नाही. आणि पाठ दबलेली. रिकामी पाठ दबेल कशी?

आज जुन्या मालकाला फोन केला. तो हसला, "सवारी उतरल्याबिगर ती हलायची न्हाय की!"

वेड्यासारखी मी दगडापाशी गेले आणि म्हणाले, "उतरा, पावणं."

राणीची पाठ वर आली. ती थेट चाऱ्याकडे गेली.

उद्याच्या लोकांना सांगू का? त्यांची मुलगी लहान आहे.

पण उतरलं ते गेलं कुठं? मघापासून माझी पाठ जड झालीय.