रागाचं कलम आणि दुसरं एक

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता घड्याळजींच्या (ते कोण, ते पुढे येईलच) पत्नीचं उत्तर आलं आणि मी जे जे बरोबर धरून बसलो होतो ते एका परिच्छेदात उलटंपालटं झालं. म्हणून मी, खाली सही करणारा, वय वर्षे तेवीस, शिक्षण तिसऱ्या वर्षात सोडलेलं, प्रकृती ठणठणीत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. ते नेहमी तिथे नसतं हे दोन्ही साक्षीदारांना ठाऊक आहे, पण आज आहे.

"तेविसाव्या वर्षी मृत्युपत्र?" वहिनी आत्ताच म्हणाली. "भाऊजी, आधी लग्नपत्रिकेचं बघा. खाली छपाईचं दुकान आहेच."

घर माझ्या नावावर नाही. दुकानावरची ही खोली दादाची आहे, ती त्याचीच राहील. माझा कीबोर्डही दादाला द्यावा. त्याच्या खटखटीवरून चार वर्षं बोलणी खाल्ली. आता त्याच्या टेबलावर वाजू दे. स्कॅनर खालच्या दुकानदार काकांना. काच पुसल्याशिवाय वापरू नये, हे त्यांना जिवंतपणी सांगून उपयोग झालेला नाही.

आता खरी मालमत्ता. वाकडं स्कॅन झालेलं पान सरळ करणारा एक प्रोग्राम मी लिहिला आहे. काकांकडे जुनी पुस्तकं स्कॅन करताना मान वाकडी करकरून सुचला. कॉलेजात असताना आमच्या सरांनी तो प्रदर्शनात स्वतःच्या नावाने मांडला. माझं नाव फलकावर कुठेच नव्हतं. मी भर सभागृहात त्यांना चोर म्हणालो. प्राचार्यांनी माफी मागायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या खोलीचं दार असं आपटलं की बिजागरी निखळली. कॉलेज तिथेच संपलं.

घरी येऊन प्रोग्राम सगळ्यांना खुला केला आणि त्याचं लायसन्स स्वतः लिहिलं. पहिलं कलम: कोणीही वापरा. दुसरं: कोणीही बदला आणि वाटा. तिसरं: मात्र वर लिहिलेली लेखकांची नावं खोडू नका. चौथं: त्या कॉलेजच्या आवारात हा प्रोग्राम चालवायला सक्त मनाई. वकिलाला दाखवलं नाही. राग कोणी वकिलाला दाखवतं का?

पाचवं कलम तिच्यामुळे आलं. ती वाचनालयाचे संगणक सांभाळते आणि उरलेल्या वेळात एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमसाठी पॅकेजं बांधते. म्हणजे लोकांचे प्रोग्राम आणि त्यांच्या अटी तपासून ते असे बांधून ठेवते, की कोणालाही एका कमांडमध्ये आपल्या मशीनवर बसवता यावेत. माझा कोड तिने चष्मा डोक्यावर सरकवून वाचला आणि मध्येच एका ठिकाणी हसली. कुठे ते अजून कळलेलं नाही. त्याच संध्याकाळी मी पाचवं कलम घातलं: या प्रोग्रामचं पॅकेज फक्त तिनेच बांधावं, इतर कोणीही नाही. मला वाटलं, इतकं सुंदर पत्र आजवर कोणी कोणाला लिहिलं नसेल.

तिने पॅकेज नाकारलं.

गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या जिन्यावर तिने मला गाठलं. "अरे, आमचा नियम साधा आहे. प्रोग्राम कोणालाही, कुठल्याही कामासाठी वापरता आला पाहिजे. एकाला वगळलंस की आम्हाला तो कोणालाच देता येत नाही. चौथं कलम म्हणजे तुझा राग. आणि पाचवं म्हणजे..."

"पाचवं म्हणजे काय?"

"पाचवं म्हणजे उद्या मी आजारी पडले की पॅकेज पोरकं! दोन्ही काढ. पुढच्या शुक्रवारी आमच्या सिस्टीमची नवी आवृत्ती गोठते, मग दोन वर्षं नवीन काही आत येणार नाही. आणि त्या घड्याळजींची परवानगी आण. प्रोग्राममधल्या त्यांच्या ओळी तुझ्या या अटींवर आल्यात, अटी एकट्याने बदलता येणार नाहीत."

"चौथं नाही काढणार. सर चोर आहेत."

"असतील. पण तुझं नाव गाळलं, हेच दुखतंय ना? मग ते तिसऱ्या कलमात आहे की, येड्या! नावं खोडू नका ही अट आम्हाला चालते."

मी चिडून निघून आलो.

घड्याळजी म्हणजे दूरच्या गावचे, घड्याळं दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ. कधी भेट नाही. पानाची कडा शोधणाऱ्या चारशे ओळी त्यांनी आपणहून लिहून पाठवल्या होत्या. मी त्यांना मेल केला तो खरं तर नकाराच्या आशेने. ते नाही म्हणाले असते तर माझं चौथं कलम वाचलं असतं.

उत्तर त्यांच्या पत्नीचं आलं. "हे उन्हाळ्यात गेले. हत्यारं जावयाला दिली, भिंतीवरचं घड्याळ मला. मृत्युपत्रात शेवटी एक ओळ होती, ती आम्हाला कोणाला कळली नव्हती: 'पानाच्या कडेच्या माझ्या चारशे ओळी ज्याला ज्या अटींवर लागतील त्याला द्याव्यात. राग उतरला की तो मुलगा विचारायला येईल.' तो मुलगा तुम्हीच ना? उतरला का राग?"

मी ते तीनदा वाचलं. गेलेल्या माणसाची सही आणता येत नाही. ती ओळ त्यांनी लिहिली नसती, तर मी मागाहून कितीही शहाणा झालो असतो तरी प्रोग्राम अडकलाच असता.

म्हणून चौथं कलम रद्द, माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून. सरांनी प्रोग्राम खुशाल वापरावा, विद्यार्थ्यांनाही द्यावा. वर दोन नावं असतील, आधी घड्याळजींचं. ती वाचावीत, एवढंच.

पाचवंही रद्द. पॅकेज कोणीही बांधावं. तिने बांधलं तर मला आनंद आहे, हक्क नाही. त्या कलमात जे म्हणायचं होतं ते लायसन्समध्ये बसत नाही. ते तोंडाने सांगायचं असतं.

माझ्यामागे प्रोग्रामवरचा माझा सगळा हक्क वहिनीकडे जावा. कोणी परवानगी मागितली तर तिने ती द्यावी.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," वहिनी म्हणाली.

"हो म्हणता येतं ना?"

"तुमच्या दादाला बघायच्या दिवशी आलं होतं बाई."

सही: मीच.

साक्षीदार पहिली, वहिनी: सही करताना भाऊजी शुद्धीवर होते. केससुद्धा विंचरलेले होते.

साक्षीदार दुसरे, दुकानदार काका: कागद माझा, शाई माझी, मजकूर त्याचा. काच मी पुसतो.

स्थळ: छपाईच्या दुकानावरची खोली. गुरुवार, दुपारचे चार, आवृत्ती गोठायच्या आदल्या दिवशी.

ता. क. मृत्युपत्र कपाटात ठेवलं. खिशात फक्त नवं लायसन्स आहे, तीन कलमांचं. वाचनालय सहाला बंद होतं. वहिनीने शर्ट बदलायला लावला. निघतो. दार आपटत नाही, हळूच ओढून घेतो.